चंद्रीची साय

मी भिंगारच्या बनुबाईची मटणाची डेचकी बोलतेय. नुसतंच डेचकी म्हटलं असतं तर तुम्ही मला स्वयंपाकघराच्या फळीवर शोधत बसला असता, आणि तेरा वर्षं मी तिथं कुणाला सापडले नसते. म्हणून पुरतं नाव आधीच सांगून टाकलं.

जन्म नगरचा. तांबट गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. बूड जाड, गळा जरा आवळ, काठ बाहेर वळलेला, आणि पोटात चार माणसांचं कालवण आरामात मावेल एवढी जागा. तिथून मी आबासाहेबांच्या भांड्यांच्या दुकानात आले आणि तीन वर्षं वरच्या फळीवर बसून राहिले. खपत नाही म्हणून वाईट वाटायचं, पण माझं सगळं शिक्षण त्या फळीवरच झालं.

आबासाहेब चौथीसुद्धा झालेले नव्हते. पण पायरी चढणारं माणूस हंडा घेणार, तांब्या घेणार, की नुसतं उन्हातून सावलीला आलंय, हे ते त्याच्या चपला काढण्यावरून सांगायचे. भाव विचारून जो लगेच दुसरीकडं बघतो तो घेणार, आणि जो भांड्याची तोंडभर तारीफ करतो तो उठून जाणार, असा त्यांचा अनुभव. एकदा पाथर्डीकडचे एक बागाईतदार थोरल्या लेकीच्या लग्नाची भांडी घेऊन गेले. एकूण एक भांड्यावर तिचं नाव घालून घेतलं. आठ दिवसांनी तोंड पाडून परत आले. लग्न मोडलं होतं आणि धाकटीचं ठरलं होतं. नावं खोडून मिळतील का, असं विचारत होते. आबासाहेबांनी त्यांना आधी चहा पाजला. मग म्हणाले, खोडून पितळ पातळ होतं आणि पोरीचं मनही. थोरलीची भांडी राहू द्या माळ्यावर, लागतील तिला. धाकटीला नवी घ्या. त्यांनी नवी घेतली, आणि जाताना आबासाहेबांचे हात धरून आभार मानले. धंदाही झाला आणि माणूसही जोडलं गेलं, हे मी तेव्हा पाहिलं.

मला रंगनाथनं घेतलं, साठ साली. हा माणूस भिंगारला लष्कराच्या ऑफिसर मेसमध्ये आचारी होता. त्यानं मला टिचकी मारली नाही, उचलून वजन बघितलं नाही. हात आत घालून तळव्यानं बूड चाचपलं. आबासाहेब म्हणाले, इतक्या वर्षांत बूड चाचपणारं पुरुष गिऱ्हाईक हे पहिलंच. मग विचारलं, नाव कुणाचं घालू?

रंगनाथ म्हणाला, "मटणाच्या भांड्याला कुठं नाव घालतात, शेठ?"

तशी मी बिननावाचीच सायकलच्या हँडलला लटकत भिंगारला आले.

रंगनाथची बायको बनुबाई, तिच्या स्वयंपाकघरात मटण शिजत नसे. आत देवाची फळी, आणि दुधाचा वावर. मटणाची चूल मागं परसात, पत्र्याच्या आडोशाला, तीन दगडांची. माझी जागा त्या चुलीवरच्या खिळ्यावर. चुलीपासून दोन हातांवर म्हशीचा खुंटा. त्या खुंट्याला आधी एक म्हातारी म्हैस होती, मग तिचीच लेक आली. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री.

आतल्या भांड्यांचा थाट मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. दुधाचं पातेलं, तुपाची कढई, ताकाची चरवी, सगळ्यांवर नावं. पहाटे दूध तापायचं, वर चढायचं, बनुबाई फुंकर मारायची आणि पातेलं सरकवायची. मी बाहेर दव खात तो आवाज ऐकायची. मला सगळं मिळालं, काळा मसाला, सुकं खोबरं, जत्रेचं मटण, पाहुण्यांची कोंबडी. दूध कधी मिळालं नाही. एकदा तरी ते पोटात यावं असं फार वाटायचं.

ते होणं शक्य नव्हतं. बनुबाईनं माहेराहून एक पक्का समज आणला होता, की दुधाची आणि मटणाची गाठ पडली तर म्हैस आटते. दूध ती चार घरांना घालायची, आणि प्रत्येक घराकडून शपथ घ्यायची, की माझं दूध मटणाच्या भांड्यात जाणार नाही. भिंतीपलीकडच्या मुबारकबीला तर तिनं गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लावली होती, कारण त्या घरी खाणारे जास्त.

आता रंगनाथचं सांगते. घरी त्यानं पळीला कधी हात लावला नाही. दिवसभर तेच करतो, म्हणायचा. आणि मेसमधून त्यानं कधी चमचाभर काही घरी आणलं नाही. ते सरकारचं. संध्याकाळी सुट्टी असली की परसात खाट टाकून बसायचा, बनुबाई धार काढायची, आणि तो आज साहेबलोकांना काय केलं ते सांगायचा. त्यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची, ती सफेद कोंबडीची. हळद नाही, तिखट नाही. कांदा परतायचा नाही, उकडून वाटायचा. खसखस, खरबुजाच्या बिया, हिरवी मिरची, पांढरी मिरी. बांधून ठेवलेलं दही. आणि शेवटी साय.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बनुबाई म्हणाली, "हळद न्हाई, तिखट न्हाई. ती कोंबडी हाय का आजाऱ्याची पेज?"

पण थोड्या वेळानं धार काढता काढता तिनंच विचारलं, "आन् साय कवा घालायची म्हनला?"

"भांडं खाली उतरवून. आचेवर घातली तर फुटते. उतरवायचं, शंभर आकडे मोजायचे, मग घालायची."

हे तिनं किती वेळा विचारलं त्याला गणती नाही. जिभेला कधी न लागलेला पदार्थ तिला तोंडपाठ झाला होता. कधी कधी एकटी भांडी घासताना ती पुटपुटायची, उतरवायचं, शंभर मोजायचे.

एकाहत्तरच्या दिवाळीत एका साहेबांची बायको फराळाचा डबा घेऊन घरी आली. मोठी मोकळी बाई. परसात खाटेवर बसून तिनं रंगनाथच्या हाताचं फार कौतुक केलं, आणि उठता उठता म्हणाली, तुमची मजा आहे, बाई, तुम्हाला यांच्या हातची सफेद कोंबडी हवी तेव्हा मिळत असेल.

"व्हय बाई," बनुबाई म्हणाली, "हवी तवा."

बाई गेली. माझ्यात त्या दिवशी काही शिजलं नव्हतं, तरी बनुबाईनं मला खिळ्यावरून काढलं आणि राखेनं घासत बसली. किती वेळ ते मला माहीत. माझं बूड तापलं होतं घासून घासून.

पुढचं साल बाहत्तरचं. पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, गावोगावची माणसं खडी फोडायला गेली, पाथर्डीकडचे बनुबाईचे भाऊही त्यात. रेशनला मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, यायला लागली आणि तिची भाकरी थापताना बायका नाकं मुरडायला लागल्या. पाणी टँकरचं. चंद्रीच्या बरगड्या दिसू लागल्या, दूध निम्म्यावर आलं. तशात पुढच्या जानेवारीत रंगनाथ रिटायर झाला.

माघात दोन निरोप एका आठवड्यात आले. देवळालीला स्थायिक झालेल्या एका जुन्या साहेबांनी रंगनाथला बंगल्यावर आचारी म्हणून बोलावलं, राहायला खोलीही देतो म्हणून. आणि राहुरीकडं कालव्यावर दिलेल्या लेकीनं कळवलं, की आमच्याकडं उसाचं वाढं आहे, चंद्रीला पाठवा, जगंल तरी. रंगनाथनं जायचं नक्की केलं. चंद्रीलाही धाडायचं ठरलं. साहेबांची खोली एकट्यापुरतीच, म्हणून घर आणि दोन शेळ्या सांभाळायला बनुबाई भिंगारलाच राहणार होती.

त्या संध्याकाळी खाटेवर बसून रंगनाथ म्हणाला, "जायच्या आधी तुला ती कोंबडी करून घालतो."

"नगं."

"का?"

"चंद्री आटंल."

"अगं, ती तर चालली."

"म्हून तर. आजून दोन-चार रेडकं हुयाचीत तिला. लेकीच्या दारात आटली तर जावायबापू काय म्हनतील? दुष्काळात आमच्या गळ्यात भाकड म्हस बांधली म्हनतील."

बनुबाई उठून शेण भरायला लागली. पण दुसऱ्या दिवसापासून आतून तुपाच्या कढईचा आवाज बंद झाला. दुधावरची साय ती एका सटीत, मातीच्या लहान मडक्यात, काढून शिंक्यात ठेवत होती. ओल्या फडक्यानं सट गुंडाळायची, रोज थोडी साय वर घालायची, आणि तुपाचं नाव काढायची नाही. दूध इतकं थोडं, की साय म्हणजे नुसता पापुद्रा. पाच दिवस ती हे करत होती, आणि कुणाला दिसू नये म्हणून शिंक्यापुढं घोंगडं टांगलं होतं. रंगनाथला ते पहिल्याच दिवशी दिसलं. आचाऱ्याच्या नाकापासून साय कशी लपणार? पण त्यानंही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी जावई, मच्छिंद्र, चंद्रीला न्यायला आला. बनुबाईनं शेवटची धार काढली, चंद्रीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, दावं जावयाच्या हातात दिलं. "मामी, काळजी नका करू," एवढं म्हणून तो निघाला. चंद्री दोनदा मागं वळून हंबरली. ती वेशीकडं दिसेनाशी झाल्यावरही बनुबाई दारात उभीच होती.

मग आत येऊन, रंगनाथकडं न बघता, म्हणाली, "डेचकीला कल्हई न्हाई. दही घातलं तर कळकंल."

रंगनाथ काय समजायचं ते समजला. त्यानं मला खिळ्यावरून काढलं आणि स्वतः मोहियोद्दीन कल्हईवाल्याकडं घेऊन गेला. म्हाताऱ्यानं मला लाल होईस्तोवर तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्यानं असा हात मारला की माझं पोट चांदण्यासारखं झालं. दुष्काळात कल्हई कोण करतं, पाहुणे यायचेत काय, असं त्यानं विचारलं. रंगनाथ म्हणाला, पाहुणा जायचाय.

कोंबडा मुबारकबीनं दिला. तिच्या घरचाच, जुना, लाल तुऱ्याचा. दाणे कुठून आणू रोज, म्हणाली, पण खरं कारण तेवढंच नसावं.

दुपार कलल्यावर रंगनाथनं परसातली चूल पेटवली. बाह्या वर केल्या, फडकं खांद्यावर टाकलं, आणि मी त्याला पहिल्यांदा रांधताना पाहिलं. तेरा वर्षं ज्याच्या घरात राहिले त्याचा हात कसा चालतो हे मला ठाऊक नव्हतं. कोंबडी त्यानं सकाळीच दह्यात ठेवली होती. उकडलेला कांदा, वाटलेली खसखस, बिया, सगळं एकामागून एक असं पडत गेलं, की बनुबाई ओसरीच्या कोपऱ्यावर बसून नुसती बघत राहिली. ओठ हलत होते. त्याच्या आधी ती म्हणत होती, आता मिरी. आणि मिरी पडायची.

मग त्यानं बरणीत हात घातला आणि मीठ टाकलं. ते पडलं तसं मला कळलं, की काहीतरी चुकलंय. पण सांगणार कशी? रांधताना चाखायचं नाही, ही त्याची मेसची शिस्त.

कोंबडा जुना, शिजायला वेळ लागला. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कुठं त्यानं झाकण काढून मान हलवली. "सट आण," म्हणाला.

बनुबाई आत गेली. सट घेऊन मागच्या दारात आली आणि उंबऱ्यावर थबकली. समोर चंद्रीचा रिकामा खुंटा. शेणाचा ओला डाग अजून तिथंच.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तिच्या खुंट्यापुढनं साय मटणाकडं कशी नेऊ?"

तेवढ्यात भिंतीवरून मुबारकबीचं डोकं वर आलं. ती केव्हापासून पलीकडं उभी होती कुणास ठाऊक.

"बनू," ती म्हणाली, "रागावू नको. मी अकरा साल तुझी साय कोंबडीत घालतेय."

बनुबाईनं सटीवरचं फडकं घट्ट केलं.

"चंद्रीच्या आईपासून घालतेय. आटली का?"

"गळ्याची शपथ घेतल्ती तू."

"ती दुधाची घेतली होती. सायीचं कुठं बोललीस?"

रंगनाथनं हसू लपवायला चुलीत उगाच फुंकर मारली. बनुबाईच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. आता भांडण होणार, असं मला वाटलं. अकरा वर्षांची शेजारीण आता तुटणार.

मग बनुबाईनं हळूच विचारलं, "चांगली लागायची का?"

"लई," मुबारकबी म्हणाली.

बनुबाईनं सट छातीशी धरली. परत खुंट्याकडं बघितलं. आणि नवऱ्याला म्हणाली, "साय काय उंबरा वलांडायची न्हाई. तुमी डेचकीलाच आत आना."

मला फडक्यात धरून रंगनाथनं आत नेलं.

काय सांगू तुम्हाला. तेरा वर्षं ज्यांचे आवाज ऐकले ती सगळी भांडी फळीवर ओळीनं बसलेली, नावं मिरवत. मला जमिनीवर चुंबळीवर ठेवलं. दोघंही माझ्या दोन बाजूंना बसली आणि मोजायला लागली. तो मनात मोजत होता, ती मोठ्यानं. सत्तरला ती अडखळली, पुन्हा साठापासून धरलं. शंभर झाल्यावर रंगनाथनं हात पुढं केला, तर तिनं सट दिली नाही. स्वतः ओतली. पाच दिवसांची, दुष्काळातली, ओंजळभर साय माझ्या पोटात आली, गार, गोड वासाची, आणि हळूहळू कडेपर्यंत पसरत गेली. फुटली नाही.

मिलोची लाल भाकरी आणि पांढरी कोंबडी. दोघं दिवेलागणीच्या आत जेवायला बसली. रंगनाथ हात न लावता तिच्या तोंडाकडं बघत होता. तिनं पहिला घास घेतला, चावला, गिळला.

"साय लागती," ती म्हणाली. "येगळीच लागती."

मग त्यानं घास घेतला आणि त्याचा हात तिथंच थांबला.

"मीठ," तो म्हणाला.

"व्हय."

"चाळीस माणसांचं पडलं. हात तसाच बसलाय माझा."

"मंग बोलवा की चाळीस जनं," बनुबाई म्हणाली. दोघं हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं टिपलं आणि दुसरा घास घेतला. भिंतीपलीकडं वाटीभर पाठवली होती, तिकडून मुबारकबीनं ओरडून कळवलं, की हात चांगला आहे पण समुद्रात धुतलाय.

रंगनाथ ताट सारून उठायला लागला. इतक्या वर्षांनी एकदा केली आणि ती अशी, असं काहीसं म्हणत होता. बनुबाईनं त्याला मनगटाला धरून बसवलं. तिनं पोटभर खाल्लं. टँकरच्या पाण्याचे दोन तांबे त्या संध्याकाळी तिला लागले, ज्या पाण्यात एरवी दोघांचा दिवस निघायचा.

"एक बरं झालं," भांडी आवरताना ती म्हणाली. "बराबर झाली असती तर तुमी सुटला असता. आता परत यावंच लागंल."

"येतो. चंद्री व्यायली की साय धरून ठेव."

सकाळच्या एस.टी.नं तो देवळालीला गेला.

त्याला आता वर्ष झालं. पाऊस झाला, विहिरी भरल्या, मिलो गेली. चंद्री आटली नाहीच. आषाढात परत आली ती गाभण होऊन, आणि पौषात व्यायली. रेडी झाली, तिच्याही कपाळावर चांद आहे. बनुबाई रेडीकडं बघते आणि गालात हसते, आणि मुबारकबीला म्हणते, आता तुझ्याकडनं सायीची बी शपथ घ्यायची राहिली.

रंगनाथची पत्रं येतात. गणपतीत येतो म्हणाला, तेव्हा साहेबांकडं पाहुणे होते. दिवाळीला येतो म्हणाला, साहेब आजारी पडले. संक्रांतीच्या पत्रात येतो एवढंच होतं, कधी ते नव्हतं. बनुबाई पत्र वाचून घेते, घडी करते आणि दुधाच्या पातेल्यामागं ठेवते.

मला तिनं परत खिळ्यावर लावलं नाही. मी आतच असते, खालच्या फळीवर, पालथी. मटणाला तिनं जर्मनचं साधं पातेलं आणलं, ते बाहेर चुलीवर चढतं. माझ्यावर अजून नाव नाही, पण ती मला आता सायीची डेचकी म्हणते. त्या संध्याकाळनंतर माझ्यात काहीही शिजलेलं नाही. मोहियोद्दीनची कल्हई तशीच आहे, कुठं चरासुद्धा नाही. कधी कधी दुपारी ती मला उताणी करते, आत हात घालते आणि तळव्यानं बूड चाचपते. रंगनाथनं दुकानात चाचपलं होतं तसंच.

आणि चंद्री व्यायल्यापासून शिंक्यात सट आहे. पाच दिवस साय साठते. दाट, पिवळसर, चमचा उभा राहील अशी. सहाव्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ टळून जाईपर्यंत बनुबाई थांबते. मग सट उतरवते, साय घुसळते, तुपाची कढई चढवते, आणि दुसऱ्या सकाळी रिकामी सट पुन्हा शिंक्यात ठेवते.

घरात कढणाऱ्या तुपाचा वास चांगला येतो. मला तो आता सोसत नाही.

तुमच्यापैकी कुणी देवळालीच्या बाजूला गेलंच, आणि एखाद्या बंगल्याच्या मागच्या दारी खांद्यावर फडकं टाकलेला, साठीला टेकलेला नगरचा माणूस दिसला, तर थोडं थांबा. त्याला सांगा, चंद्री व्यायली, रेडी झाली. सांगा, डेचकीची कल्हई जशीच्या तशी आहे. आणि दोघांच्या कालवणाला मीठ चिमटीनं घालायचं असतं, मुठीनं नाही.

तिला चिमूटही नको म्हणावं. आलास तर अळणीसुद्धा गोड मानून घेईल.